रीजनल एअरलाइनमध्ये को-पायलट लागताय? सही करायच्या आधी पगाराचं अन् ड्युटीचं गणित बघा

गावाकडे गेलो की पारावर पहिला प्रश्न ठरलेला, "तुले पगार कितला भेटस?" मी हसून विषय कापसाच्या भावावर नेतो, कारण खरं उत्तर एका आकड्यात बसत नाही आणि पारावर स्लिप उघडून बसता येत नाही. मागच्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) मात्र तीन जण घरीच आले. एक पोरगी शिरपूरजवळ फ्लाइंग करतेय, एक पोरगा धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर तास भरतोय आणि तिसऱ्याचं सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालंय पण घरी बसलाय. त्यांच्यासोबत गच्चीवर रात्री दीडपर्यंत बसलो. त्यात जे बोलणं झालं तेच इथे लिहितोय, थोडं नीट लावून.

माझ्याबद्दल एवढंच की अमळनेर तालुक्यातला आहे, एटीआर ७२ या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे, तिसरं वर्ष चालू आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही, विचारू पण नका.

आधी घरच्या ओट्यावर बसून हिशोब

सीपीएलचा खर्च आजघडीला ५० ते ७० लाखांच्या घरात जातो, त्यात राहणं-खाणं, पेपर, मेडिकल, रिन्यूअल सगळं धरा. त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे एका ठराविक विमानाचं ट्रेनिंग, ते एटीआरचं असो की एअरबसचं असो, १५-२० लाखाला पडतं. कंपनीने केलं तर बाँडमध्ये (इतकी वर्षं सोडणार नाही, सोडलं तर पैसे भरीन असा करार), स्वतः केलं तर खिशातून. हे सगळ्यांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते मोरॅटोरियमचं.

बँकेचा साहेब सांगतो की कोर्स चालू असताना हप्ता नाही. खरंय, हप्ता नाही, पण व्याज चालूच असतं ना भो! मी टप्प्याटप्प्याने ३६ लाख उचलले, बाकी आबांच्या (वडिलांच्या) फंडातून आणि दीड एकर विकून आले. हप्ता सुरू व्हायची वेळ आली तेव्हा बँकेच्या कागदावर मुद्दल दिसलं ४५ लाख. मी दोनदा विचारलं की टायपिंग मिस्टेक तर नाही? नव्हती. ४५ लाख, ११ टक्के, १० वर्षं, हप्ता ६२ हजार. तो आकडा डोक्यात ठेवा, खाली लागणार आहे.

म्हणून पहिलं काम, कर्ज घेताना बँकेकडून लेखी घ्या की व्याज कधीपासून लागणार, मुद्दलात कधी मिसळणार, आणि मधेच थोडं थोडं व्याज भरलं तर चालेल का. महिन्याला १० हजार जरी भरत गेलात तरी पुढे फरक पडतो. आणि हप्ता सुरू व्हायची तारीख नोकरीशी जोडलेली नसते, कॅलेंडरशी असते. नोकरी लागो न लागो, ती तारीख येते.

मेडिकल

यात जास्त लिहिण्यासारखं नाही पण चूक मोठी होते. क्लास टू, म्हणजे शिकाऱ्याला लागणारं खालच्या पातळीचं मेडिकल, झालं की लोक फ्लाइंग स्कूलचे पैसे भरून मोकळे होतात. भरू नका. क्लास वन आधी काढा, कारण नोकरीला तेच लागतं, आणि रंगांधळेपणा किंवा हृदयाचं काही निघालं तर ते ५० लाख जायच्या आधी कळलेलं बरं. क्लास वन पुढे दर १२ महिन्यांनी करावं लागतं, म्हणजे तुमची नोकरी दरवर्षी एकदा डॉक्टरच्या टेबलावर असते. कंपनीत लागताना लॉस ऑफ लायसन्स इन्शुरन्स (तब्येतीमुळे लायसन्स गेलं तर भरपाई) आहे का, किती रकमेचा आहे, पहिल्या दिवसापासून आहे की कन्फर्म झाल्यावर, हे विचारा. माझ्या बॅचमधल्या एकाला स्लिप डिस्कमुळे सात महिने जमिनीवर राहावं लागलं. फ्लाइंग अलाउन्स शून्य, नुसत्या फिक्स्डवर (पगाराचे हे भाग खाली सांगतो).

पोरींनी अजून एक विचारायचं, आणि लाजायचं नाही. मॅटर्निटी बेनिफिट कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे, पण "पगार" म्हणजे कंपनी नेमकं काय धरते, फिक्स्ड फक्त की गॅरंटीड तास पण? आणि डिलिव्हरीच्या आधी जे महिने उडता येत नाही तेव्हा ग्राउंड ड्युटी देतात का? आमच्या शिरपूरवालीने हाच प्रश्न गच्चीवर विचारला तेव्हा बाकीचे दोघं खाली बघत बसले होते. तिचा प्रश्न सगळ्यात कामाचा होता.

सीपीएल झालं, आता बसा

भारतात २०० तासांवर सीपीएल मिळतं आणि त्या २०० तासांवर तुम्ही थेट एअरलाइनच्या उजव्या सीटवर बसू शकता. अमेरिकेत को-पायलटला साधारण १५०० तास लागतात. म्हणजे आपल्याकडे रस्ता छोटा आहे, पण म्हणूनच त्या रस्त्यावर गर्दी जास्त. मी १९ महिने घरी होतो. धरणगावला मामाच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांचं वजन लिहायचो, आणि दुपारी गाड्या थांबल्या की वजनकाट्याच्या खोलीत टेक्निकल जनरलचं पुस्तक काढायचो. हमाल लोक मला "कॅप्टन" म्हणायचे, अर्धं चिडवायला अर्धं प्रेमाने.

या काळात तीन गोष्टी सोडायच्या नाहीत. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता उपकरणांवर उडवायची परवानगी) लॅप्स होऊ द्यायचं नाही, मेडिकल चालू ठेवायचं, आणि इंग्रजी बोलायची सवय. शेवटचं आपल्याकडच्या पोरांना जड जातं, मला पण गेलं. डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे) पेपर लेखी असतात, ७० टक्के पडले की झालं, पण एअरलाइनच्या इंटरव्ह्यूमध्ये समोरचा कॅप्टन विचारतो की क्रॉसविंडमध्ये काय करशील, आणि उत्तर डोक्यात मराठीत तयार असतं पण तोंडातून निघत नाही. मी जिनिंगवर एकटाच मोठ्याने बोलायचो. हमालांना वाटलं पोरगं गेलं कामातून.

एजंट लोकांपासून लांब राहा. "२५ लाख द्या, डायरेक्ट जॉइनिंग" वाले नाशिक-पुण्यात बसलेले आहेत, जळगावात पण येतात हॉटेलात सेमिनार घ्यायला. जॉइनिंग देणारा एकच, एअरलाइनची स्वतःची जाहिरात.

ऑफर लेटर आलं, नाचा, मग वाचा

इथे थांबून वाचा कारण इथेच सगळे फसतात. मी पण घाईत सही केली, रात्री ११ ला मेल आला, सकाळी ९ ला सही करून परत पाठवला. १९ महिने वाट बघितल्यावर कोण वाचत बसणार? पण वाचायचं. हे बघायचं:

बाँड किती वर्षांचा आणि किती रकमेचा? तीन ते पाच वर्षं हे नेहमीचं. पण खरा प्रश्न पुढचा आहे, दर महिन्याला रक्कम कमी होते का? काही ठिकाणी शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कमच असते, म्हणजे पाचपैकी साडेचार वर्षं काम करून सोडलं तरी सगळे पैसे भरा. तसं असेल तर निदान कमी होत जाणारी करून मागा. नाही म्हणतील, पण मागा, आमच्यानंतरच्या बॅचला मिळाली.

बाँड कधी सुरू होतो? जॉइनिंगपासून, की टाइप रेटिंग लायसन्सवर चढल्यापासून, की लाइन रिलीज झाल्यापासून, म्हणजे ट्रेनिंग संपवून नेहमीच्या फ्लाइटवर सोडल्यापासून? यात सहज आठ-दहा महिन्यांचा फरक पडतो.

कोरे चेक मागतात का, जामीन म्हणून आई-बापाची सही मागतात का? माझ्या वेळी पोस्ट-डेटेड चेक घेतले होते आणि आबांची सही. आबा सही करताना म्हणाले, "मना पोऱ्या इमान (विमान) चलाडी अन् मी जामीन राहसू?" आणि हसले, पण मला ते हसू बरं वाटलं नाही.

कंपनीच बंद पडली तर बाँडचं काय, हे वाक्य शोधा. बहुतेक लेटरमध्ये नसतं. ईमेलवर विचारा, उत्तर ईमेलवरच घ्या.

नोटीस पिरियड तर कंपनीच्या हातात पण नाही. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस आहे. म्हणजे आज दुसरीकडे नोकरी लागली तरी सहा महिने इथे काढायचे. नवीन कंपनी थांबते का, ते त्यांना आधी विचारा.

आणि एक लक्षात घ्या, एटीआरचं टाइप रेटिंग एटीआरलाच चालतं. उद्या एअरबसवर जायचं म्हटलं तर परत टाइप रेटिंग, परत खर्च किंवा परत बाँड. टर्बोप्रॉपचे (एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाचे) तास अनुभवात धरले जातात पण किती धरतात ते कंपनी-कंपनीवर आहे.

पगाराची स्लिप वाचायला शिका

व्हॉट्सॲपवर फिरणारे "पायलटचा पगार ५ लाख" वाले आकडे सोडा, ते कॅप्टनचे असतात, ते पण मोठ्या जेटवरच्या कॅप्टनचे. नव्या को-पायलटचा, त्यात टर्बोप्रॉपवर, पगार त्याच्या आसपास पण नसतो. आणि लाइन रिलीज व्हायच्या आधी, म्हणजे ट्रेनिंगचे पाच-सात महिने, फक्त स्टायपेंड. काही ठिकाणी तो पण नाही. हप्ता मात्र तोपर्यंत सुरू झालेला असू शकतो, म्हणून सहा हप्त्यांचे पैसे आधीच बाजूला हवेत.

रिलीज झाल्यावर पगाराचे दोन भाग असतात, फिक्स्ड आणि फ्लाइंग. फ्लाइंग म्हणजे ताशी अलाउन्स, आणि त्याला एक गॅरंटी असते, समजा ७० तास. ४५ तास उडालात तरी ७० चे मिळणार, ८० उडालात तर वरच्या १० चे वेगळे. ही गॅरंटी म्हणजे तुमचा खरा पगार. कोविडमध्ये मोठ्या मोठ्या कंपन्यांनी पहिली कात्री हिलाच लावली होती. ऑफर लेटरमध्ये "कंपनी गॅरंटीड तास बदलू शकते" असं बारीक अक्षरात असतं, ते वाक्य शोधून पिवळं करा.

उदाहरण घेऊ, आकडे सोपे धरतो. बेसिक ४५ हजार, एचआरए वगैरे २५ हजार, फ्लाइंग ७० तास गुणिले १ हजार म्हणजे ७० हजार. एकूण १ लाख ४० हजार. आता कापा. पीएफ ५४००, प्रोफेशन टॅक्स २००, २०२५-२६ च्या नवीन रेजीमने टीडीएस महिन्याला साधारण साडेदहा हजार. हातात राहिले १ लाख २४ हजाराच्या आसपास. त्यातून माझ्यासारखा ६२ हजाराचा हप्ता गेला की उरले ६२ हजार. मुंबईत अंधेरी पूर्वेला तिघांत टू बीएचके घेतलं तरी तुमच्या वाट्याला १८-२० हजार, खाणं-पिणं-रिक्षा-मोबाइल धरून १५ हजार. म्हणजे शेवटी खिशात २७-२९ हजार, त्यातून घरी काही पाठवायचे. आमच्या गल्लीतला झेडपीचा मास्तर माझ्यापेक्षा निवांत आहे, निदान पहिली तीन-चार वर्षं.

कॅप्टन झाल्यावर चित्र बदलतं हे खरं, दोन-तीन पटीने बदलतं. रडगाणं गात नाहीये, फक्त हिशोब लावताना पहिल्या वर्षाचा लावा, दहाव्याचा नको.

लेओव्हर (बाहेरगावी मुक्काम) अलाउन्स, नाइट अलाउन्स, डेडहेड (म्हणजे प्रवासी सीटवर बसून दुसऱ्या स्टेशनला ड्युटीसाठी जाणं), स्टँडबाय, या सगळ्याचे पैसे कसे धरतात ते एका कागदावर लिहून एचआरकडून पक्कं करा. स्टँडबायला घरी गणवेश इस्त्री करून फोनकडे बघत बसायचं असतं, बाहेर जाता येत नाही, आणि कित्येक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नसतात.

ड्युटी म्हणजे नेमकं काय, एक दिवस सांगतो

मेमधला एक मंगळवार. गजर २:५५ ला. ३:५० ला कंपनीची कॅब खाली. ४:५५ ला एअरपोर्टवर, ५ ला रिपोर्टिंग, आधी ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायचं, मग वेदर, नोटॅम (एअरपोर्ट आणि मार्गाबद्दलच्या ताज्या सूचना), इंधन, कॅप्टनशी ब्रीफिंग. ६ ला पुशबॅक. त्या दिवशी चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं होती, १:१०, १:०५, १:१५ आणि १:१०. तिसऱ्या सेक्टरच्या आधी एका छोट्या स्टेशनवर एक तास लटकलो, एटीसीकडून स्लॉट नव्हता.

आता एटीआरला मागे एपीयू नसतं, म्हणजे जमिनीवर वीज आणि एसी द्यायला वेगळं छोटं इंजिन नाही. त्याऐवजी उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन तसंच चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. प्रवासी मागच्या दाराने चढतात. त्या एसीने ४४ डिग्रीत कॉकपिट थंड होईल ही अपेक्षा सोडून द्या. काचेतून ऊन थेट मांडीवर, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मागून एअरहोस्टेस सांगायला आली की एक आजी म्हणतायत दार उघडा, जीव गुदमरतोय. भुसावळच्या उन्हात वाढलेलो असतो म्हणून सहन होतं, नाहीतर अवघड आहे.

१२:४० ला शेवटचं इंजिन बंद. १ ला साइन ऑफ, सव्वादोनला घरी. घरातून बाहेर १० तास २५ मिनिटं. पगाराच्या भाषेत, ब्लॉक टाइम (पुशबॅकपासून परत पार्क होईपर्यंतचा वेळ), ४ तास ४० मिनिटं. फरक समजला? मोठ्या जेटवर दोन लांब सेक्टर मारून तेवढेच तास होतात, आपल्याला चार टेकऑफ-चार लँडिंग करावे लागतात. ७० तास भरायला असे १५ दिवस लागतात, त्यात स्टँडबाय, सिम्युलेटर, ग्राउंड क्लास वेगळे. म्हणून दोन कंपन्यांच्या ऑफर समोर असतील तर ताशी रेट नका बघू. सरासरी सेक्टर किती मिनिटांचा आणि दिवसाला किती सेक्टर, हे तिथे काम करणाऱ्या को-पायलटला विचारा.

दुसरी बाजू पण सांगतो. हे चार लँडिंग म्हणजेच शिकणं आहे. ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी सोय) नाही, रनवे छोटे (आपला जळगावचाच सुमारे १७०० मीटर), हवा खालचीच, ढगांच्या वरून निघून जायची सोय नाही. एक वर्ष एटीआरवर काढलेल्या पोराचा हात बसतो. पैसे कमी आहेत पण तास रिकामे नाहीत.

आरामाचे नियम पाठ करा, कारण तुमच्यासाठी दुसरं कोणी करणार नाही

डीजीसीएचे ड्युटीचे नियम आहेत, त्यांना सगळे एफडीटीएल म्हणतात. दोन ड्युट्यांच्या मधे आधीच्या ड्युटीएवढा किंवा १२ तास, जे जास्त असेल तेवढा आराम. वर्षात १००० तासांवर उडायचं नाही. लँडिंग जास्त तशी ड्युटीची मर्यादा कमी. नव्या नियमांत आठवड्याचा सलग आराम ३६ वरून ४८ तास झाला, रात्र म्हणजे १२ ते सकाळी ६ धरली गेली, आणि रात्रीच्या ड्युटीत लँडिंग सहावरून दोनवर आली. हे दोन टप्प्यांत आलं, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. त्यानंतर डिसेंबरमध्ये देशभर इंडिगोच्या फ्लाइट रद्द झाल्या आणि डीजीसीएला काही सवलती द्याव्या लागल्या, तो गोंधळ टीव्हीवर बघितला असेलच. त्यामुळे जॉइन होताना तुमच्या कंपनीला त्या दिवशी नेमकं काय लागू आहे ते ऑपरेशन्स मॅन्युअलमधून बघा, सिनियर काय म्हणतो त्यावर नको.

पण नियम फक्त ड्युटी मोजतात, तुमचा प्रवास नाही मोजत. आपल्याकडच्या पोरांचा खरा घोळ इथे आहे. बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, मुंबई, गोवा, हैदराबाद, बेंगळुरू कुठेही असतो. ४८ तास मिळाले की पाय आपोआप गावाकडे वळतात. मी पहिल्या वर्षी दोनदा केलं, रात्रभर खान्देश एक्सप्रेसने येऊन दुपारच्या ड्युटीला उभा राहिलो. कागदावर आराम पूर्ण, डोळ्यात वाळू. दुसऱ्या वेळी कॅप्टनने अप्रोचला हाक मारली, फ्लॅप कुठे आहेत म्हणून, आणि मी लीव्हरकडे बघत होतो पण वाचत नव्हतो. काही झालं नाही. त्यानंतर मी नियम केला, ड्युटीच्या आदल्या रात्री बेसवर झोपायचं म्हणजे झोपायचं.

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं क्यू४०० विमान पडलं, ५० माणसं गेली. स्टॉलच्या (वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याच्या) वॉर्निंगला कॅप्टनने उलटा प्रतिसाद दिला हे कारण निघालं. पण सुनावणीत हे पण बाहेर आलं की को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून देश ओलांडून न्यूअर्कच्या बेसला आली होती, बेसजवळ राहणं पगारात बसत नव्हतं अशी चर्चा झाली. अमेरिकेतला १५०० तासांचा नियम त्यानंतरच आला. टर्बोप्रॉपच होतं ते, आपल्यासारखं. मला बरं नसेल, झोप झाली नसेल, तर मी आता फोन करून अनफिट सांगतो. शेड्युलिंगवाल्याचा आवाज बदलतो, बदलू द्या.

कंपनी टिकेल का, हे जळगाववरून शिका

आपल्या एअरपोर्टचाच इतिहास बघा. २०१२ ला उद्घाटन. डिसेंबर २०१७ मध्ये उडान या छोट्या शहरांसाठीच्या सरकारी विमान योजनेखाली एअर डेक्कनचं १९ सीटचं विमान मुंबईला सुरू झालं, टिकलं नाही. सप्टेंबर २०१९ ला ट्रूजेटचं एटीआर आलं, २०२२ च्या सुरुवातीला ती कंपनीच थांबली. एप्रिल २०२४ पासून फ्लाय९१ आहे. प्रवाशाला वाटतं फ्लाइट बंद झाली, रेल्वेने जाऊ. पण प्रत्येक वेळी कोणीतरी को-पायलट होता ज्याचा बाँड, हप्ता, टाइप रेटिंग त्या विमानाला बांधलेलं होतं.

उडानमध्ये सरकार सीटमागे पैसे देतं पण ते साधारण तीन वर्षांसाठी. म्हणून कंपनीला नाही तर स्वतःला विचारा, तिचे किती रूट सबसिडीवर चालतात आणि ती कधी संपतेय? विमानं कागदावर किती आणि रोज उडतात किती? चार विमानांची कंपनी असेल आणि एक पार्टसाठी उभं राहिलं तर पाव फ्लाइंग गेलं. पगार वेळेवर होतो का? हे लिंक्डइनवर नाही कळणार, त्या कंपनीच्या को-पायलटला चहाला बोलवा. "१ तारखेला होतो की ७ ला?" एवढंच विचारा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा. ७ ची १५ आणि १५ ची २५ होऊ लागली की रिझ्युमे अपडेट करायची वेळ झाली. नोटीस सहा महिने आहे हे विसरू नका.

काढा, आसव आणि फुंकणी

ब्रेथ ॲनालायझरमध्ये पॉझिटिव्ह आलं तर पहिल्या वेळी लायसन्स तीन महिने सस्पेंड, दुसऱ्या वेळी तीन वर्षं, तिसऱ्या वेळी कायमचं रद्द. मी पीतच नाही, म्हणून काळजी नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. अल्कोहोलवालं माउथवॉश चालत नाही, २०२३ च्या नियमात तसं स्पष्टच आलंय. आणि आपल्या घरची आजीची बाटली, दशमूलारिष्ट, कुमारी आसव, द्राक्षासव, या सगळ्यात आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं. आईने थकवा आला म्हणून डब्यासोबत बांधून दिलेलं होतं मला, दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. बेसवरच्या सिनियरने बघितलं आणि बाटली सिंकमध्ये ओतली. आईला अजून सांगितलेलं नाही. होमिओपॅथीच्या थेंबांचं पण तेच. कुठलंही औषध घ्यायच्या आधी कंपनीच्या डॉक्टरला फोन.

रजा

सिनियॉरिटीवर मिळते, विषय संपला. पहिल्या वर्षी दिवाळी, आखाजी, कानबाई, लग्नसराई काहीच धरू नका. कानबाईचे रोट माझ्या वाट्याचे आई फ्रीजमध्ये ठेवते, चार दिवसांनी खातो. एक युक्ती आहे, मोठ्या सणाला सगळे अर्ज टाकतात, तुम्ही भरीत पार्ट्यांच्या दिवसात, डिसेंबर-जानेवारीत आडवारी मागा. लवकर मिळते, आणि धुक्यातल्या डिलेतून पण सुटका.

लॉगबुक

पुढचं सगळं यावर आहे. एटीपीएलला (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सला) १५०० तास लागतात, त्याचे पेपर नोकरी करता करता द्यायचे, कमांड, म्हणजे कॅप्टनची सीट, मिळायला त्याच्याही पुढे जावं लागतं. प्रत्येक तास पुराव्यासकट हवा. कंपनी बंद पडली की तिचं रोस्टर सॉफ्टवेअर पण बंद पडतं आणि मग जुने तास सर्टिफाय करायला कोणी सापडत नाही, आमच्या बेसवर एक जण आहे जो अजून ३४० तासांसाठी जुन्या ऑफिसच्या वॉचमनला फोन करतो. म्हणून दर रविवारी लॉगबुकच्या पानाचा फोटो, महिन्याच्या शेवटी कंपनीच्या फ्लाइंग रेकॉर्डची पीडीएफ, दोन्ही स्वतःच्या ईमेलवर. कंपनीच्या नको, तो पहिल्या दिवशीच बंद करतात. आणि दर सहा महिन्यांनी चीफ पायलटची सही, तो लंच करून आला की लगेच गाठायचा, तेव्हा नाही म्हणत नाही.